त्या पोऱ्याचं काय झालं?

खडकवासल्याच्या धरणापासून चालत दहा मिनिटांवर माझी खोली आहे. दर शनिवारी रात्री तिथं आम्ही मित्र जमतो आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा मोबाइलवरचा गेम नाही. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर बडबड, एवढ्यावर तो चालतो. एक जण जग रचतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

आमचा मास्टर मी. माझ्या जगावर मी तीन वर्षं काम केलंय. हाताने काढलेला नकाशा आहे, सात किल्ले आहेत, राजांच्या वंशावळी आहेत, तीन प्रकारची नाणी आहेत. एका तळ्याखाली बुडालेलं राज्यही आहे. धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार!

गेल्या पावसाळ्यात माझा आत्येभाऊ पहिल्यांदा खेळायला आला. तो सिंहगड रस्त्यावर एका हॉटेलात कामाला आहे. शनिवार-रविवार म्हणजे त्याच्या मरणाचे दिवस. सकाळी गडावर जाणारे, संध्याकाळी चौपाटीवर धरण बघायला येणारे, सगळ्यांना पिठलं-भाकरी आणि भजी हवी असतात. तो साडेअकराला सुटून आला तेव्हा त्याची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. मी विचारलं, तुला कोण व्हायचंय? त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "मांत्रिक. आग लावता येते ना त्याला?"

खेळ रंगला. राजाचे सैनिक मागावर होते, म्हणून आमची मंडळी एका खानावळीत शिरली. मी वर्णन केलं. चुलीवर रस्सा रटरटतोय, गल्ल्यावर ढेरपोट्या मालक बसलाय, मागं मोरीत एक पोऱ्या भांडी घासतोय. तेवढ्यात सैनिक आत आले. आमचा योद्धा, जो एरवी बँकेत कर्जाच्या फायली बघतो, म्हणाला, खानावळ पेटवू आणि मागच्या दारानं सटकू. दार बाहेरून अडसर लावून बंद करू, म्हणजे कुणी मागं येणार नाही. फासा टाकला. वीस! त्याहून मोठा आकडा नसतो. आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, खानावळ जळाली आणि मी गोष्ट पुढच्या किल्ल्याकडे नेली.

आत्येभाऊ गप्प होता. जरा वेळानं म्हणाला, "दादा, त्या पोऱ्याचं काय झालं?"

"कुठल्या?"

"मागं भांडी घासत होता तो. तूच बोलला ना."

"पळाला असेल."

"मागचं दार तर आपण बाहेरनं लावलं."

मी विसरलोच होतो. म्हटलं, "अरे, एनपीसी आहे तो."

"म्हंजे?"

"म्हणजे खेळाडू नाही. नुसता असतो तिथं."

"बरं," तो म्हणाला. शेवटपर्यंत खेळला. पुढच्या शनिवारी आला नाही, म्हणाला काम आहे. काम असणारच, शनिवार होता. त्या उत्तरामुळे तो यायचा थांबला की कामामुळे, हे मी आजतागायत त्याला विचारलेलं नाही. पण त्याचा प्रश्न माझ्या खोलीतून काही गेला नाही.

*

एनपीसी म्हणजे नॉन-प्लेअर कॅरेक्टर. दुकानदार, पहारेकरी, गाडीवान, खानावळवाला. तुम्ही बटण दाबलं की ते ठरलेली दोन वाक्यं बोलतात. तुम्ही निघून गेलात की त्यांचं आयुष्य थांबतं. हल्ली हा शब्द इंटरनेटवर शिवीसारखा वापरतात. ज्याला स्वतःचं डोकं नाही असं आपल्याला वाटतं, तो माणूस 'एनपीसी'. खेळातली एक तांत्रिक सोय आपण खऱ्या माणसांवर किती सहज चिकटवली बघा.

अद्भुताच्या जगात कष्टकरी माणसं नसतात असं नाही. असतात, गर्दीनं असतात. पण त्यांचं काम काय असतं? 'बाहुबली'चा २०१५ सालचा पहिला भाग आठवा. भल्लालदेवाचा अवाढव्य सोनेरी पुतळा उभा होतोय. शेकडो मजूर दोर ओढतायत. पुतळा कलतो, आता सगळे चिरडणार, तेवढ्यात आपला हिरो दोर धरतो आणि तोल सावरतो. मग मजूर त्याचा चेहरा बघतात, ओळखतात, आणि नावाचा गजर सुरू होतो. थिएटरात मीही शिट्टी मारली होती. आज तो प्रसंग आठवला की दिसतं, त्या मजुरांना पटकथेनं दोनच कामं दिलीत. एक, संकटात सापडणं. दोन, हिरोला ओळखणं. संध्याकाळी पुतळा उभा राहिल्यावर ते कुठे गेले, जेवले का, मजुरी मिळाली का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

आणि हे फक्त सिनेमातलं नाही. माझ्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. तानाजी मालुसऱ्यांच्या गोष्टीत कड्याला चिकटणारी घोरपड आहे. इतिहासात ती नसावी असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण दंतकथेत ती पक्की बसलीय. तिचं नाव यशवंती, हे आमच्याकडे शाळकरी पोराला पाठ असतं. आता त्या रात्री दोर धरून वर चढलेल्या मावळ्यांची नावं सांगा. सूर्याजी, शेलारमामा... पुढे? नसलेल्या घोरपडीला नाव मिळालं, असलेल्या माणसांना नाही.

*

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मला आमच्या शेजारीच सापडला. खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेली संस्था. तिथं धरणांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधतात, त्यात खरं पाणी सोडतात आणि ते कसं वागतं ते तपासतात. अशा प्रतिकृतीत सांडवा असतो, वळण असतं, गाळही असतो. कोळी नसतो. धुणं धुणारी बाई नसते. कुणी म्हणत नाही की हा कोळ्यांवर अन्याय आहे, कारण तिथला प्रश्न पाण्याचा आहे.

गोष्टही तशीच असते. प्रत्येक गोष्ट काहीतरी गाळूनच उभी राहते. ड्रॅगनच्या गोष्टीत भाजीवाल्याचा हिशेब मागत बसलो तर ड्रॅगन उडणारच नाही. शिवाय माणसं अद्भुताकडे सुटकेसाठी येतात. दिवसभर भांडी घासलेल्या माणसाला रात्री पुन्हा भांडीच कशाला दाखवायची? माझ्या आत्येभावानं मांत्रिक निवडला होता. पोऱ्या व्हायला तो आला नव्हता.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण एका हद्दीपर्यंत. प्रतिकृतीतल्या पुरात कुणी बुडत नाही. माझ्या खानावळीत मात्र आम्ही आग लावली होती आणि त्या आगीची किंमत त्या पोऱ्यानं चुकवली होती. तो गोष्टीबाहेर असता तर गोष्ट वेगळी. मी त्याला आत आणलं, वर्णनाला जरा चव यावी म्हणून. मग आमच्या सुटकेचा खर्च त्याच्यावर टाकला आणि वर म्हणालो, तो नुसता असतो तिथं.

तेव्हा माझ्यापुरता मी असा नियम केला: ज्याचा गोष्टीशी संबंध नाही त्याला खुशाल वगळा. पण गोष्टीतला चमत्कार ज्याच्या जिवावर घडतो, त्याला वगळता येणार नाही.

*

हा नियम मला नवा वाटला होता. मग श्रावण आला आणि लक्षात आलं, तो मी लहानपणापासून ऐकतोय.

आत्या श्रावणी सोमवारी कहाणी वाचते. आपल्या कहाण्यांतलं आटपाट नगर हे मराठीतलं सगळ्यात जुनं फँटसी वर्ल्ड म्हणायला हरकत नाही. त्याला नकाशा नाही, वंशावळ नाही, तरी आपल्या सगळ्यांना तिथला रस्ता माहीत असतो. त्यातली खुलभर दुधाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. राजाला वाटतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटते. सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. माणसं घाबरून आणतात. वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत. गावाचं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं घरातलं काम उरकलंय, मुलांना खाऊपिऊ घातलंय, वासरांना तृप्त केलंय. मग उरलेलं खुलभर, म्हणजे अगदी लहानशा भांड्यात मावेल एवढं दूध घेऊन ती आलीय. ती ते वाहते आणि गाभारा भरून जातो.

लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता मला तिच्या कामांचा क्रम आवडतो. राजाची आज्ञा आहे, देवाचं काम आहे, तरी आधी पोरं, आधी वासरं, आधी घर. ती आज्ञा मोडत नाही आणि आज्ञेसाठी धावतही सुटत नाही. तिच्या दिवसाला तिचा स्वतःचा क्रम आहे आणि चमत्काराला त्या क्रमात शेवटी जागा मिळते. पुढे राजा लपून तिला पकडतो, अभय देतो आणि कारण विचारतो. ती सरळ सांगते की तुझ्या हुकमानं वासरं आणि पोरं तळमळली, माणसं हळहळली, ते देवाला आवडलं नाही. म्हणजे चमत्काराचा हिशेब चुकला होता आणि तो त्या नगरात एका म्हातारीला कळला होता.

अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ओमेलास नावाच्या शहराची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, १९७३ सालची. त्या शहराचं सगळं सुख एका तळघरात कोंडलेल्या उपाशी मुलावर उभं आहे. लोकांना ते माहीत असतं. बहुतेक जण मन घट्ट करून राहतात, थोडे शहर सोडून निघून जातात. नीतिशास्त्राच्या वर्गांत ती शिकवतात, आणि ती वाचून झोप उडते हे खरंच. पण मला वाटतं, तिच्यात मोठ्यांपुढे दोनच रस्ते आहेत, सहन करा किंवा निघून जा. आटपाट नगरातली म्हातारी तिसरा दाखवते. ती मुलाला आधी पाजते आणि मग देवळात जाते. शहर न सोडता शहराचा नियम बदलते. पुढे राजाही तेच करायला लागतो.

कहाणीतही म्हातारीला नाव नाही, हे मी विसरलेलो नाही. पण तिला दिवस आहे. तिच्याकडे करायला स्वतःचं काहीतरी आहे, जे राजा नसता तरी तिनं केलं असतं.

*

मग उपाय म्हणून सामान्य माणसाला हिरो करावं का? अनेक गोष्टी तसं करतात. गुराखी निघतो राजपुत्र, अनाथ निघतो मांत्रिकांच्या घराण्यातला. बाहुबलीही धबधब्याखालच्या वस्तीतच वाढलेला असतो. पण यात गुराख्याचा सन्मान कुठे झाला? तो खरा गुराखी नव्हता, असंच गोष्ट सांगते.

टॉल्किन यांनी वेगळं केलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'मधला सॅम माळी आहे आणि मनानं शेवटपर्यंत माळीच राहतो. टॉल्किन पहिल्या महायुद्धात अधिकारी होते. हाताखालचे साधे शिपाई आणि अर्दली त्यांनी जवळून पाहिले होते, आणि सॅम त्यांच्यावरूनच घडला, असं ते सांगत. अंगठीचा मोह सॅमलाही पडतो. ती त्याला सगळं ओसाड राज्य बागेसारखं फुलवणारा महापुरुष झाल्याचं स्वप्न दाखवते. तो त्यातून सुटतो, कारण त्याला कळतं की आपल्याला आपल्या हातांनी सांभाळता येईल एवढीच बाग हवी आहे. त्याचं काम त्याला वाचवतं.

आपल्याकडे हिरकणी आहे. दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि रात्री कडा उतरणारी आई. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि तिथं बुरूज बांधला. आपण इथं टाळ्या वाजवतो आणि त्या रास्तच आहेत. पण बुरूज कशासाठी होता तेही बघा. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. म्हणजे तिच्या नावानं जे बांधलं गेलं, त्यानं तिची घरी जायची वाट बुजली. किल्ल्याच्या बाजूनं निर्णय बरोबरच होता. मला फक्त पुढचा प्रश्न पडतो. दुसऱ्या दिवशी तिला उशीर झाला असेल तर? दरवाजा उघडायची वेळ कुणी बदलली का? हिरो करणं सोपं असतं. एक बुरूज पुरतो. तिचा वेळ तिचा आहे हे मानून दरवाजाचे नियम बदलणं, हे कुठल्याही राज्याला अवघड जातं.

*

माझ्या जगातलं ते बुडालेलं राज्य मी पुन्हा उघडून बघितलं. तळ्याखाली राजवाडा होता, सिंहासन होतं, खजिना होता.

मी ज्या पाण्याकडे बघून हे लिहिलं, त्याची खरी गोष्ट अशी आहे. खडकवासल्याचं दगडी धरण इंग्रजांच्या काळात, १८७०च्या दशकात उभं राहिलं. तलावाला नाव दिलं फाइफ नावाच्या इंजिनिअर साहेबाचं. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचं कोण नाव देणार? १२ जुलै १९६१ला वरच्या अंगाचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं हेही फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण फुटणं लांबलं. पूर मध्यरात्री झोपलेल्या शहरात न शिरता दिवसा आला. किती जीव त्या काही तासांनी वाचले असतील! चमत्कार म्हणावा तर हा आहे, आणि तो पोत्यापोत्यानं झालाय.

धरणं पुन्हा उभी राहिली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. पुण्यातला माणूस नळ उघडतो आणि पाणी येतं, यापेक्षा मोठी जादू मी माझ्या जगात अजून लिहू शकलेलो नाही. या पाण्याखाली राजवाडा नाही. शेतं आहेत, घरांची जोती आहेत, देवळं आहेत. आत्याच्या सासरची मूळ जमीन पानशेतच्या पाण्याखाली आहे. म्हणजे ज्या पोराला मी 'नुसता असतो तिथं' म्हणालो, त्याच्या पणजोबांची ज्वारी-नाचणी मी खोडली होती आणि त्यावर सिंहासन काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, सहज सुचलं होतं. सहज सुचतं तिथंच आपण कुणाला धरून चालतो ते कळतं.

*

शेवटी मी आत्येभावाला मेसेज केला: पोऱ्या वाचला.

त्याचं उत्तर आलं: कसा?

मला वाटलं होतं तो खूश होईल. 'कसा'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मास्टर आहे, मी म्हटलं की वाचला. पण हे त्या राजाच्या दवंडीसारखंच झालं. मी त्याला विचारलं, तुमच्या हॉटेलात मागं आग लागली आणि दार बंद असलं तर तू काय करशील? रात्री एक वाजता त्याचा व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा. मोरीच्या वर धूर जायला जाळी असते. चार स्क्रूंवर असते, त्यातले दोन कधीच पडलेले असतात. उन्हाळ्यात फार उकडलं की ती काढून ठेवतात. मालकाला माहीत नसतं. बारीक माणूस त्यातून आरामात जातो. मागं भांड्यांचं खरकटं टाकायची जागा असते, तिथं उडी मारायची, लागत नाही. "फक्त घाण वास येतो," तो हसत म्हणाला.

माझ्या नकाशावर सात किल्ले होते आणि ही जाळी नव्हती.

पुढच्या खेळात आमची मंडळी त्या गावात परतली. मालक खानावळीच्या भिंती नव्यानं लिंपत होता. पोऱ्या नदीवर भांडी घासत होता. आमच्या योद्ध्यानं त्याला पाच सोन्याची नाणी देऊ केली आणि म्हणाला, आमच्याबरोबर चल, आम्हाला वाटाड्या हवाय. मी पोऱ्या झालो आणि नाही म्हणालो. भांडी संपवायची होती. योद्ध्यानं विचारलं, "बरं, नाव तरी सांग." मी तेही सांगितलं नाही. घर पेटवणाऱ्या माणसाला तो नाव का सांगेल? खोलीत थोडी शांतता पसरली. मग मांत्रिकाच्या रिकाम्या जागेकडे बघत कुणीतरी म्हणालं, "याला शनिवारी कधीच जमणार नाही का?"

नाही जमणार. सगळं पुणं शनिवारी धरणावर येतं.

त्याची सुट्टी मंगळवारी असते. आमच्यातल्या दोघांना मंगळवारी उशिरापर्यंत ऑफिस असतं, त्यांनी कुरकुर केली आणि मग हो म्हणाले. परवा पहिला मंगळवार आहे.